जुन्या सीडीची आयएसओ फाइल करून ती ड्राइव्ह म्हणून जोडणे : कारखाने, डीटीपी, ग्रंथालयं, सगळ्यांसाठी

लेथ_उद्यमनगर (धागाकर्ता)

कोल्हापूरचं उद्यमनगर घ्या, शिरोली घ्या नाहीतर गोकुळ शिरगाव, कारखान्याच्या कपाटात सीडींचा एक डबा असतोच. मशीनबरोबर आलेला पार्ट कॅटलॉग, कंट्रोलरची मॅन्युअलं, मोजमापाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर. आणि टेबलावरच्या नव्या संगणकाला सीडी ड्राइव्हच नसते. यूएसबीची बाहेरची ड्राइव्ह आणून इन्स्टॉल उरकता येतं, पण कॅटलॉग उघडला की तो पुन्हा डिस्क मागतो. मग ती ड्राइव्ह कायम लटकत राहते आणि फौंड्रीची धूळ डिस्कवर बसते.

यावर पक्का उपाय म्हणजे डिस्कची एकदाच हुबेहूब फाइल (हीच आयएसओ) काढायची आणि पुढं संगणकाला ती फाइलच डिस्क म्हणून दाखवायची. या विषयावर इथं सुटे प्रश्न बरेच येतात, म्हणून एकत्र लिहितोय. माहितगारांनी भर घालावी. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात, टाइप करताना रोमन अक्षरांत करायच्या.

आत काय चालतं ते आधी बघू, म्हणजे अडचण आली की कारण लगेच सापडतं. डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे एका वेळी वाचल्या जाणाऱ्या तुकड्यात, वापराची माहिती २०४८ बाइट असते. प्रोग्रामनं विंडोजकडं १६ नंबरचा सेक्टर मागितला की खरी ड्राइव्ह लेझर तिथं नेते. आभासी ड्राइव्हचा ड्रायव्हर तेच मागणं स्वतःकडं घेतो, १६ गुणिले २०४८, म्हणजे फाइलच्या ३२,७६८व्या बाइटवर जातो आणि तिथून २०४८ बाइट उचलून देतो. वरच्या प्रोग्रामला फरक कळत नाही. वेग मात्र चांगलाच वाढतो. ५२ एक्सची ड्राइव्ह सेकंदाला फार तर ७.८ एमबी देते, तीही डिस्कच्या बाहेरच्या कडेला. साधी हार्ड डिस्कसुद्धा त्याच्या कितीतरी पुढं आहे, आणि डिस्क फिरायला लागेपर्यंत थांबणं नाही.

माझं ठाम मत असं की जोडणं (माउंट करणं) हे दोन क्लिकचं काम आहे, खरं काम फाइल नीट काढण्याचं. 'माउंट होत नाही' अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा फाइल काढतानाच सापडतं.

फाइल काढण्यासाठी विंडोजमध्ये स्वतःची सोय नाही. इमेजबर्न २.५.८.० जुनं आहे पण या कामाला उत्तम. यूएसबी ड्राइव्ह जोडा, इमेजबर्नमध्ये 'क्रिएट इमेज फाइल फ्रॉम डिस्क' निवडा. वाचनाचा वेग 'मॅक्स' असतो, तो ८ एक्सवर आणा. वेळ जास्त लागेल, पण ओरखडे असलेली डिस्क कमी वेगात जास्त नीट वाचली जाते. उजवीकडच्या माहितीत सेशन (एका वेळी लिहिलेला भाग) किती आणि ट्रॅक किती ते बघा. एक सेशन आणि एकच डेटा ट्रॅक असेल तर आयएसओ निघेल. गाण्याचे ट्रॅक किंवा जास्त सेशन असतील तर इमेजबर्न स्वतःच बिन (सगळा माल) आणि क्यू (ट्रॅकची नोंद) अशा दोन फाइल काढतो. त्याला जबरदस्तीनं आयएसओ करायला लावू नका.

वाचताना एरर आली आणि प्रोग्रामनं 'पुढं जाऊ का' विचारलं तर लगेच हो म्हणू नका. थांबा, डिस्क काढा, धुवा, परत वाचा. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसताना मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडं सरळ रेषेत. गोल गोल पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेनं पडतो, सलग माहिती जाते, आणि ती दुरुस्त करणं ड्राइव्हला जमत नाही. आडवा ओरखडा तुलनेनं निभावून जातो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कव्हरमध्ये ओल राहून डिस्कवर बुरशीचे ठिपके येतात, तेही पुष्कळदा याच पद्धतीनं निघतात. छापील बाजू मात्र कधीच घासू नका. सीडी १.२ मिमी जाड असते आणि माहितीचा चकाकता थर खालच्या बाजूला नसतो, तो छापील बाजूच्या पातळ लॅकरला लागून असतो. वरून नख लागलं तर ती माहिती कायमची गेली. डीव्हीडीत हा थर ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती वरून जास्त सोसते.

फाइल निघाली की कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयूटिल -हॅशफाइल फाइलचंनाव एसएचए२५६' ही आज्ञा द्या. ती फाइलच्या आतल्या मालावरून एक ओळखीचा आकडा काढते. तो आकडा एका टेक्स्ट फाइलमध्ये आयएसओच्या शेजारी ठेवा. शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तीच डिस्क परत वाचून आकडा जुळतोय का बघा. जुळला तर डोळे झाकून भरवसा ठेवा.

जोडायचं असं. विंडोज ८, १०, ११ मध्ये आयएसओवर राइट क्लिक, 'माउंट'. 'धिस पीसी'त नवीन डीव्हीडी ड्राइव्ह दिसेल. काढताना त्याच ड्राइव्हवर राइट क्लिक, 'इजेक्ट'. विंडोज ७ आणि एक्सपीत ही सोय नाही, तिथं व्हर्च्युअल क्लोनड्राइव्ह किंवा विनसीडीईएमयू टाकावं लागतं.

---

राजारामपुरी_रिपेअर

मस्त धागा. दुकानात रोज येणारे अडथळे इथं जोडतो.

राइट क्लिकमध्ये 'माउंट' दिसतच नाही : सेव्हन-झिप किंवा विनरारनं आयएसओ फाइल स्वतःकडं ओढून घेतलेली असते. 'ओपन विथ'मध्ये जाऊन 'विंडोज एक्सप्लोरर' निवडा, 'नेहमी हेच वापरा'वर खूण करा. लगेच जोडली जाते. नुसत्या आतल्या फाइल हव्या असतील तर सेव्हन-झिपनं काढल्या तरी चालतात, तिथं ड्राइव्हची गरजच नाही.

'फाइल एनटीएफएस व्हॉल्यूमवर आहे आणि कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरमध्ये नाही याची खात्री करा' असा संदेश : माणूस ड्राइव्ह तपासतो, तिचा फॉरमॅट एनटीएफएसच असतो, कॉम्प्रेशनही नसतं, मग डोकं धरून बसतो. कारण वेगळंच आहे. काही डाउनलोड प्रोग्राम फाइलला 'स्पार्स' ही खूण लावतात. म्हणजे रिकाम्या जागा डिस्कवर न लिहिता फक्त नोंदवून ठेवायच्या. विंडोजचा माउंट अशी फाइल घेत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एफएसयूटिल स्पार्स सेटफ्लॅग फाइलचंनाव ०' द्या. नाहीतर फाइलची त्याच ड्राइव्हवर कॉपी करा आणि ती कॉपी जोडून बघा.

'डिस्क इमेज फाइल करप्ट आहे' : दोन शक्यता. फाइल खरोखर अर्धवट आहे, किंवा ती आयएसओ नाहीच. बिन फाइलचं नाव बदलून आयएसओ करणारे लय लोक आहेत. नाव बदलून आतला माल बदलत नाही. बिनमध्ये सेक्टर पूर्ण २३५२ बाइटचा असतो : १२ बाइट सिंक, ४ हेडर, २०४८ माहिती, ४ एरर तपासणी, ८ रिकामे, २७६ एरर दुरुस्ती. म्हणून ७०० एमबीच्या सीडीची बिन फाइल ८०७ एमबीपर्यंत जाते. ती फुगलेली नसते, तसंच असायला हवं.

हेक्स एडिटर (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) असेल तर एका मिनिटात निकाल लागतो. फाइलच्या ३२,७६९व्या बाइटवर 'सीडी००१' ही पाच अक्षरं दिसली तर ती खरी आयएसओ. तीच अक्षरं ३७,६४९वर दिसली तर ती २३५२च्या सेक्टरची कच्ची फाइल आहे. हिशेब सोपा : १६ गुणिले २३५२, अधिक १६ बाइट सिंक-हेडर, अधिक १. दोन्हीकडं काहीच नसेल तर फाइल खराब आहे, किंवा ती या प्रकारची डिस्कच नाही. अशी कच्ची फाइल विंडोजच्या माउंटला चालत नाही. क्यू फाइल शेजारी ठेवून विनसीडीईएमयूनं जोडा. क्यू साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. पहिल्या ओळीत बिनचं नाव असतं. बिनचं नाव बदललं असेल तर ते तिथंही बदलायला लागतं, नाहीतर 'फाइल सापडत नाही' म्हणतो.

पेन ड्राइव्हवर डीव्हीडीची आयएसओ जात नाही : फॅट३२ या फॉरमॅटवर एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, एवढीच मावते. पेन ड्राइव्ह एक्सफॅटला फॉरमॅट करा. त्यावरचं आधी दुसरीकडं हलवून ठेवा, फॉरमॅटमध्ये सगळं जातं.

आणि आयएसओ क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच जोडू नका. फाइलचं नुसतं नाव संगणकावर असतं, माल वर असतो. साध्या स्थानिक फोल्डरमध्ये आणा, मग जोडा.

---

डीटीपी_महाद्वाररोड

आमच्याकडं क्लिपआर्टच्या आणि फाँटच्या सीडी आहेत. सीडीतलं सगळं एका फोल्डरमध्ये कॉपी केलं आणि 'सब्स्ट आर: डी:\क्लिपआर्ट' असं केलं. आर: ड्राइव्ह दिसते, फाइल उघडतात, पण क्लिपआर्ट दाखवणारा सीडीचा ब्राउझर प्रोग्राम 'डिस्क घाला' म्हणूनच बसतो. हे का?

---

लेथ_उद्यमनगर

कारण सब्स्ट फोल्डरला फक्त ड्राइव्हचं अक्षर देतो, ड्राइव्हचा प्रकार देत नाही. प्रोग्राम विंडोजला विचारतो की आर: कसली ड्राइव्ह आहे. हार्ड डिस्क असेल तर उत्तर ३ येतं, नेटवर्क असेल तर ४, सीडी असेल तर ५. सब्स्टच्या ड्राइव्हला ३ येतं. प्रोग्रामला ५ हवंय. शिवाय बरेच जुने प्रोग्राम डिस्कचं लेबलही तपासतात, आणि सब्स्टमध्ये ते मूळ हार्ड डिस्कचं येतं.

फोल्डर आहे आणि डिस्क हाताशी नाही, तर त्या फोल्डरचीच आयएसओ करा. इमेजबर्नमध्ये 'क्रिएट इमेज फाइल फ्रॉम फाइल्स/फोल्डर्स'. फोल्डर निवडताना तो विचारतो की या फोल्डरमधला माल डिस्कच्या मुळाशी ठेवू का, तिथं 'हो'. नाहीतर क्लिपआर्ट नावाचं फोल्डर डिस्कच्या आत बसतं आणि प्रोग्रामला फाइल जागेवर मिळत नाहीत. मग 'लेबल्स'च्या खान्यात मूळ सीडीचं लेबल अक्षर न् अक्षर तसंच लिहा, मोठी-लहान अक्षरं आणि अंडरस्कोअरसकट. सीडी एकदा कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालून 'व्हॉल सीडीचंअक्षर:' ही आज्ञा दिली की लेबल आणि सिरियल नंबर दोन्ही दिसतात. लेबल जुळवता येतं, सिरियल नंबर मात्र नव्यानं बनवलेल्या आयएसओत वेगळाच येणार. तो तपासणारा प्रोग्राम असेल तर मूळ डिस्कवरूनच फाइल काढायला लागेल.

---

ग्रंथपाल_शाहूपुरी

पुस्तकांबरोबर आलेल्या सीडींचं हेच काम हाती घेतलंय, त्यामुळं धागा अगदी वेळेवर आला. तीन प्रश्न. एक, फाइलींची नावं देवनागरीत आहेत, नवीन आयएसओ केली की काही नावांच्या जागी अंडरस्कोअर येतात. दोन, काही सीडींवर वेगवेगळ्या वेळी भर घालून लिहिलंय, त्यांची फाइल जोडली की जुनीच यादी दिसते. तीन, भाषा शिकवणाऱ्या सीडींवर संगणकाचा भाग आणि ऐकायचे ट्रॅक दोन्ही आहेत.

---

रंकाळा_लिनक्स

ताई, क्रमानं सांगतो.

देवनागरी नावं : आयएसओ ९६६० च्या मूळ नियमात नावाला फक्त इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर चालतात. देवनागरी टिकवायची तर आयएसओ करताना जोलिएट किंवा यूडीएफ (नावं साठवायच्या दुसऱ्या पद्धती) चालू पाहिजे. जोलिएटमध्ये नाव ६४ अक्षरांपर्यंत, पण इथं प्रत्येक मात्रा आणि हलंतसुद्धा एक अक्षर म्हणून मोजलं जातं. 'कोल्हापूर' आपण चार अक्षरांचं वाचतो, तिथं ते नऊ होतं : क, ओकार, ल, हलंत, ह, आकार, प, ऊकार, र. म्हणून लांब मराठी शीर्षकं मधेच तुटतात. तशी नावं असतील तर यूडीएफ घ्या, तिथं मर्यादा जवळपास दुप्पट आहे. डिस्कचं लेबल मात्र इंग्रजीत आणि १६ अक्षरांच्या आत ठेवा, जोलिएटची लेबलची मर्यादा तेवढीच आहे.

भर घातलेल्या सीडी : याला मल्टिसेशन म्हणतात. प्रत्येक भर म्हणजे नवं सेशन, आणि शेवटच्या सेशनची यादी आधीच्या सेशनमधल्या फाइलींकडंही बोट दाखवते. ड्राइव्ह खरी डिस्क वाचताना शेवटच्या सेशनपासून सुरू करते. आयएसओ फाइलमध्ये सेशनची नोंदच राहत नाही, म्हणून जोडणारा प्रोग्राम पहिल्या सेशनची यादी उचलतो. अशा डिस्कला सरळ उपाय : डिस्क घाला, शेवटच्या यादीतला सगळा माल फोल्डरमध्ये कॉपी करा, आणि वर सांगितल्याप्रमाणे लेबल राखून नवीन आयएसओ करा. तुमच्या स्वतः लिहिलेल्या सीडींना हे पुरेसं आहे.

ऐकायचे ट्रॅक : आयएसओत ऑडिओ ट्रॅक बसतच नाही. अशा सीडीची बिन-क्यू काढा. नुसते धडे ऐकायचे असतील तर ट्रॅक वेगळे फ्लॅक (ऑडिओ फाइलचा एक प्रकार) करून घ्या आणि डेटाच्या भागाची आयएसओ वेगळी ठेवा. वाचकांना देताना ते जास्त सोयीचं पडतं. प्रोग्राम स्वतःच सीडीवरचा ट्रॅक वाजवत असेल तरच पूर्ण बिन-क्यू जोडायची गरज. लिनक्सवर त्यासाठी सीडीईएमयू आहे.

आता लिनक्सची बाजू. साधी आयएसओ अशी जोडायची : 'सुडो माउंट -ओ लूप,आरओ कॅटलॉग.आयएसओ /एमएनटी/डिस्क'. लूप म्हणजे फाइलला ब्लॉक डिव्हाइसचं रूप देणं. कुठली फाइल कुठल्या लूपवर बसली ते 'लोसेटअप -ए' दाखवतो. काढताना 'यूमाउंट', आणि 'टार्गेट इज बिझी' आलं तर 'फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/डिस्क' देऊन कुणी धरून ठेवलंय ते बघा. बहुतेक वेळा तुमचंच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं.

खराब डिस्कसाठी कॉपीची 'डीडी' आज्ञा वापरू नका. ती पहिल्या एररला थांबते, आणि 'नोएरर' एकटंच लावलं तर न वाचलेला सेक्टर गाळून पुढचा माल मागं सरकवते. मग पुढचा प्रत्येक पत्ता चुकतो. यादीत फाइल दिसतात, उघडत नाहीत. जीएनयू डीडीरेस्क्यू घ्या. पहिली फेरी : 'डीडीरेस्क्यू -एन -बी२०४८ /डेव्ह/एसआर० डिस्क.आयएसओ डिस्क.मॅप'. ही चांगला भाग आधी उचलते आणि अडलेल्या जागा सोडते. दुसरी फेरी : '-एन' काढा, '-डी -आर३' लावा, मॅप फाइल तीच. आता फक्त राहिलेल्या जागा घासून वाचल्या जातात. मॅप फाइल जपा. तीच डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून तीच आज्ञा परत दिली तर पहिल्या ड्राइव्हला न जमलेले सेक्टर पुष्कळदा निघतात, आणि दोन्हींचा माल एकाच फाइलमध्ये जमतो.

एक बारीक गोष्ट, जिच्यामुळं लोक चांगल्या डिस्कला खराब ठरवतात. घरी किंवा ऑफिसात 'ट्रॅक ॲट वन्स' पद्धतीनं लिहिलेल्या सीडी-आरच्या शेवटी दोन सेक्टर न वाचता येणारे असतात. ते लिहिण्याच्या पद्धतीतूनच येतात, त्यात माल नसतो. शेवटच्या दोनच सेक्टरवर एरर असेल तर 'आयएसओसाइझ' आज्ञा देऊन फाइल सिस्टीमचा आकार बघा. काढलेली फाइल तेवढी किंवा जास्त असेल तर सगळं आलंय, काळजी नको.

---

शिरोली_स्टोअर

आमचा पार्ट कॅटलॉग तीन सीडींचा आहे. तिन्ही एकदम माउंट केल्या तर ई:, एफ:, जी: अशा तीन ड्राइव्ह येतात. प्रोग्राम ई: वरच 'डिस्क २ घाला' म्हणून थांबतो. शिवाय संगणक बंद-चालू केला की सगळं गायब, आणि पेन ड्राइव्ह लावलेली असली की अक्षरं सरकतात. स्टोअरमधल्या माणसाला रोज हे करायला लावणं बरं नाही.

---

राजारामपुरी_रिपेअर

दादा, विंडोज प्रत्येक आयएसओला नवी ड्राइव्ह देतं, तुम्हाला एकाच ड्राइव्हमध्ये डिस्क बदलायची आहे. व्हर्च्युअल क्लोनड्राइव्ह टाका. तो १५ पर्यंत ड्राइव्ह देतो, तुम्ही संख्या १ ठेवा. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन त्या ड्राइव्हला आर: किंवा त्यापुढचं अक्षर द्या, म्हणजे पेन ड्राइव्ह आणि तिची टक्कर होत नाही. अक्षर ठरवून झाल्यावरच कॅटलॉग इन्स्टॉल करा. बरेच जुने प्रोग्राम इन्स्टॉलच्या वेळचं अक्षर एखाद्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहून ठेवतात आणि आयुष्यभर तिथंच शोधतात. आधीच झालं असेल तर प्रोग्रामच्या फोल्डरमधल्या आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडून जुनं अक्षर सापडतं का बघा, तिथंच दुरुस्त होतं.

डिस्क २ मागितली की टास्कबारच्या कोपऱ्यातल्या आयकॉनवरून दुसरी आयएसओ निवडायची. तिन्ही फाइली कॅटलॉग१, कॅटलॉग२, कॅटलॉग३ अशा नावानं एकाच फोल्डरमध्ये असल्या की स्टोअरवाल्याला शोधायला लागत नाही.

एकाच डिस्कचा कॅटलॉग असेल तर वेगळं काही टाकायची गरज नाही. पॉवरशेलची आज्ञा आहे : 'माउंट-डिस्कइमेज -इमेजपाथ डी:\डिस्क\कॅटलॉग.आयएसओ'. पूर्ण पत्ताच द्यायचा, नुसतं फाइलचं नाव चालत नाही. आयएसओसाठी ॲडमिन हक्क लागत नाहीत. टास्क शेड्यूलरमध्ये 'लॉगऑन झाल्यावर' ही आज्ञा लावून ठेवा, सकाळी संगणक चालू झाला की डिस्क बसलेली असेल. अक्षरही ठरलेलं हवं असेल तर '-नोड्राइव्हलेटर' लावून जोडा, 'गेट-व्हॉल्यूम'नं त्या व्हॉल्यूमचा युनिकआयडी घ्या आणि 'माउंटव्हॉल आर: युनिकआयडी' द्या. या शेवटच्या पायरीला मात्र ॲडमिन लागतं.

---

शिरोली_स्टोअर

आयएसओ सर्व्हरवर एकच ठेवून चार संगणकांना तीच दिली तर?

---

राजारामपुरी_रिपेअर

सर्व्हरवर माउंट करून ती ड्राइव्ह शेअर करू नका, तिचा प्रकार ४ येतो, सीडी म्हणून ओळखली जात नाही. फाइल प्रत्येक संगणकावर कॉपी करून तिथंच जोडा. ७०० एमबीसाठी नेटवर्कवर अवलंबून राहण्यात अर्थ नाही, स्विच बंद पडला तरी स्टोअर चालू राहतं. सर्व्हरवरची प्रत मूळ म्हणून ठेवा, एसएचए२५६चा आकडा शेजारी.

---

लेथ_उद्यमनगर

फाइल उत्तम निघाली, ड्राइव्ह दिसते, तरी सेटअप चालत नाही, अशी तक्रार येणारच म्हणून आधीच लिहितो.

नव्वदच्या दशकातले बरेच इन्स्टॉलर १६ बिटचे आहेत. ६४ बिट विंडोज ते चालवतच नाही, 'हा ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही' म्हणतं. आयएसओचा यात काही दोष नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) ३२ बिट विंडोज बसवा, लायसन्स तुमच्याकडं असेलच. मग त्या आभासी मशीनच्या 'स्टोरेज' सेटिंगमध्ये ऑप्टिकल ड्राइव्हला आयएसओ जोडा. बाहेर माउंट करायची गरज नाही, आतल्या विंडोजला ती खरी सीडी दिसते. व्हर्च्युअलबॉक्सला बिन-क्यू चालत नाही. नुसता डेटा ट्रॅक असेल तर लिनक्सवर 'बीचंक'नं बिनची आयएसओ करून घ्या. हे सगळं नेटवर्कपासून तोडून चालवा, जुन्या विंडोजला आता सुरक्षा अपडेट येत नाहीत.

दुसरं, सेफडिस्कसारखी नक्कल-रोधक योजना असलेल्या डिस्क. ती चालवणारा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये नाहीच, आणि जुन्या विंडोजवरही सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटनं तो बंद केला. अशी डिस्क मूळ असली तरी नव्या विंडोजवर चालणार नाही. त्यामागं वेळ घालवू नका, पुरवठादाराकडं नवी आवृत्ती मागा.

तिसरं, आयएसओ फक्त वाचता येते. प्रोग्राम स्वतःच्याच डिस्कवर सेटिंग लिहायला गेला की एरर येते. लिहिता येणारी आभासी ड्राइव्ह हवी असेल तर ती आयएसओ नव्हे, व्हीएचडी. विंडोज ७ पासून डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'क्रिएट व्हीएचडी' आहे. आकार द्या, इनिशियलाइज, फॉरमॅट, झालं. पण तिचा प्रकार हार्ड डिस्कचा, म्हणजे ३. सीडी मागणाऱ्या प्रोग्रामला ती उपयोगी नाही. सीएनसीच्या प्रोग्रामचा बॅकअप एका फाइलमध्ये बांधून ठेवायला मात्र छान.

---

डीटीपी_महाद्वाररोड

लेबल जुळवून आयएसओ केली, ब्राउझर चालू झाला. एक शंका : ग्राहक ईमेलनं आयएसओ पाठवतात, ती उघडायला हरकत नाही ना?

---

राजारामपुरी_रिपेअर

ग्राहकाला मजकूर आणि चित्रं पाठवायला आयएसओ लागतच नाही. ईमेलमधून आलेली आयएसओ म्हणजे संशयितच धरायची. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक खूण लावतं आणि त्या खुणेमुळंच उघडताना इशारा येतो. आयएसओच्या आतल्या फाइलींना ती खूण पूर्वी लागतच नव्हती, म्हणून व्हायरस पसरवणाऱ्यांनी हा मार्ग खूप वापरला. नोव्हेंबर २०२२ च्या विंडोज अपडेटनं ती फट बुजवली. अपडेट न केलेल्या संगणकावर ती अजून उघडीच आहे. आयएसओ उघडली आणि आत एकच शॉर्टकट किंवा बिलाच्या नावाची ईएक्सई दिसली की इजेक्ट करा, फाइल पुसा आणि पाठवणाऱ्याला फोन करून विचारा.

---

ग्रंथपाल_शाहूपुरी

तिन्ही उत्तरं उपयोगी पडली, आभार. कायद्याचं थोडं सांगावं. अशी प्रत काढणं चालतं का?

---

लेथ_उद्यमनगर

सॉफ्टवेअरबाबत १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, पोटकलम १, खंड एए बघा. कायदेशीरपणे प्रत बाळगणाऱ्याला ती ज्या कामासाठी दिली त्यासाठी, आणि हरवणं, नष्ट होणं, खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढायला मुभा आहे. याचा अर्थ मूळ डिस्क आणि बिल तुमच्याकडंच राहायला हवं, आणि आयएसओ शेजारच्या कारखान्याला देणं यात बसत नाही. पुस्तकाच्या सीडीतला मजकूर आणि ऑडिओ हा सॉफ्टवेअर नसतो, तिथं प्रकाशकाची लेखी परवानगी घेतलेली बरी.

ठेवताना फाइलच्या नावात डिस्कचं लेबल, आवृत्ती आणि डिस्क नंबर घाला. सिरियल की असेल तर ती कव्हरवरून उतरवून त्याच टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, कारण हरवतं ते कव्हरच. मूळ डिस्क उभ्या ठेवा, कागदी पाकिटात नको, कडक डबीत, आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाका. जूनच्या आधी पुड्या बदलायच्या.